तिसरी शांती

त्या घरात भांडण कधी झालं नाही. सुरू पुष्कळदा झालं, पण पुढे सरकलं नाही. कारण सकाळी पूजा असे, पूजेच्या शेवटी शांतिमंत्र असे, आणि शांतिमंत्र झाल्यावर मागच्या कुठल्याही गोष्टीबद्दल कुणी ब्रही काढायचा नाही, असा त्या घरचा कायदा होता. कायदा नानांचा होता. देवांनी केला असता तर त्यात थोडीफार दयामाया असती.

नाना म्हणजे या गोष्टीतल्या बाईचे सासरे. नोकरीत असताना ते कामगार आणि मालक यांच्यातले तंटे मिटवणारे सरकारी अधिकारी होते. संप असो, टाळेबंदी असो, नानांना मधे बसवलं की दोन्ही बाजू अखेर कंटाळून मान डोलवत. कचेरीत त्यांना पाठीमागे ‘समेटराव’ म्हणत. हे त्यांना माहीत होतं आणि आवडतही होतं. निवृत्त झाल्यावर भांडणारी माणसं गेली, सवय तेवढी राहिली. मग त्यांनी घर घेतलं समेटाला.

पूजा मात्र ते मनापासून करत, हे कबूल करायला हवं. ते ढोंगी असते तर गोष्ट सोपी झाली असती. आंघोळ करून, ओल्या केसांनी ते हॉलच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्यासमोर बसत. देव पुसायचे, फुलं वाहायची, दिवा लावायचा, दूधसाखरेची वाटी ठेवायची, घंटा वाजवायची. मग ताठ बसून, डोळे मिटून ते शांती मागत. आकाशाला शांती, हवेला शांती, पाण्याला, जमिनीला, झाडाझुडपांना, औषधी वनस्पतींना, सगळ्या देवांना शांती. ऐकणाऱ्याला वाटावं, विश्वाचा कारभार रोज सकाळी याच हॉलमधून चालतो.

शेवटच्या तीन शांती त्यांनी वाटून दिल्या होत्या. “पहिली शांती वरून येणाऱ्या संकटांसाठी,” ते समजावून सांगत, “पूर, वीज, भूकंप. दुसरी बाहेरच्या त्रासासाठी. माणसं, जनावरं, शेजारी. आणि तिसरी आपल्या आतून येणाऱ्या तापासाठी. आतलं सगळं घरच्या बाईच्या हातात असतं.” म्हणून पहिली नाना म्हणत, दुसरी त्यांचा मुलगा आणि तिसरी घरची बाई. तिसरी उच्चारल्याशिवाय पूजा पुरी होत नसे, आणि पूजा पुरी झाल्याशिवाय नाना पाण्याचा थेंबही घेत नसत; पुरी झाली की पहिला घोट तीर्थाचा. आधी ती तिसरी त्यांच्या बायकोची होती. ती गेल्यावर कपाटाच्या किल्ल्यांबरोबर तीही सुनेकडे आली. किल्ल्यांचं ओझं तिला कधी वाटलं नाही.

तिला घरात सगळे सूनबाई म्हणत, आपणही तेच म्हणू. बाहेर ती डेंटल लॅबमध्ये कवळ्या बनवण्याचं काम करायची. दवाखान्यातून बोळक्या तोंडांचे ठसे यायचे. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, मेणाच्या हिरड्या लावायच्या, त्यात एकेक दात उभा करायचा, चावा जुळवायचा. हात इतका बसला होता की नुसता साचा पाहून ती सांगे, हा माणूस उजवीकडून चावतो, ही बाई रात्री दात खाते. नानांची कवळीही तिनेच केली होती. पहिल्या कवळीत त्यांची शांती शिट्टी मारत बाहेर येई. नाना भयंकर चिडले. श म्हणजे श, त्यात स चालणार नाही, उच्चार चुकला की मंत्र वाया जातो. तिने त्यांना समोर बसवून पुन्हा पुन्हा ‘शांतिः’ म्हणायला लावलं, वरचे पुढचे दात केसभर आत घेतले, कड घासली, पुन्हा बसवली. अखेर शांती नीट बाहेर पडली. नानांच्या तोंडातली शांती आपण बसवलीय, असं ती लॅबमध्ये हसून सांगत असे. हसण्यासारखं त्यात काही नव्हतं, हे कळायला वेळ लागला.

कारण खरी गोम मंत्रात नव्हती, मंत्राच्या आधी होती. दिवा लागला की नाना मान जराशी वळवून विचारत, “कुणाचं काही?” बैठकीत विचारत तसंच. मग ज्याला जे म्हणायचं ते त्याने म्हणायचं, नाना निर्णय सांगायचे, आणि पुढचा माणूस तोंड उघडायच्या आत घंटा वाजायची. घंटा त्यांच्याच हातात होती. घंटेनंतर मंत्र, मंत्रानंतर तीन शांती. शांती झाली, विषय संपला.

असे किती विषय संपले. सूनबाईला मागच्या खोलीत स्वतःची छोटी लॅब टाकायची होती. घरात देव आहेत, मेणाचा आणि प्लास्टरचा वास नको, असं ठरलं. तिचा नवरा लिफ्टच्या दुरुस्तीचा अभियंता. त्याला बढतीवर दुसऱ्या गावी जायचं होतं. वडिलांना एकटं कसं ठेवणार, असं ठरलं. जन्मभर दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्यांना बाहेर काढणारा हा माणूस, स्वतः कधी बाहेर निघाला नाही. लेकीला चित्रकलेला जायचं होतं, ती कॉमर्सला गेली. आणि दर वेळी शेवटचा शब्द सूनबाईचाच होता. विष होतं ते त्यात. तोंड दाबून बुक्क्यांचा मार सगळ्यांना माहीत असतो, हा तोंड उघडून होता. तिच्या प्रत्येक हरण्यावर शिक्का मारायचा तो तिच्याच तोंडाने.

मग तिची आई राहायला आली.

आई म्हणजे टेलिफोन ऑफिसातली जुनी ऑपरेटर. उभा जन्म कानाला हेडफोन लावून अनोळखी माणसांना एकमेकांशी जोडून देण्यात गेला, आणि म्हातारपणी तिच्या स्वतःच्याच डोक्यातल्या तारा एकेक करून सुटल्या. आधी दिवस-वार गेले, मग शेजारी गेले, मग घराचा पत्ता गेला. सूनबाईला एक भाऊ होता, पण तो परदेशात होता आणि फक्त फोनवर हळवा होत असे. आईला मागच्या खोलीत आणायचं, हा एकच विषय असा होता जो सूनबाईने नानांना न विचारता केला. गेली आणि घेऊन आली. नानांनी दारात हात जोडून स्वागत केलं. “राहा, राहा, पाहुण्यांना आमच्याकडे काही कमी पडत नाही,” म्हणाले. पाहुण्या हा शब्द त्यांनी त्या दिवशी वापरला, आणि तो त्यांनी पुढे महिनोन्महिने बदलला नाही.

आई दिवसभर शांत असे. खिडकीशी बसायची, स्वेटरची बटणं लावायची आणि काढायची. सूनबाई तिला न्हाऊ घाली, भरवी, कवळी काढून धुवी. आई तिला कधी नर्सबाई म्हणायची, कधी ताई, कधी “अहो, तुमचा स्वभाव फार चांगला आहे हो,” असं परक्या बाईला सांगावं तसं सांगायची. सूनबाई “हो का” म्हणायची आणि बाथरूमचा नळ सोडून जरा वेळ आतच उभी राहायची.

पण सकाळी देवाची घंटा वाजली की आई दचकून उठे. तिच्या लेखी ती कामावरची घंटा होती. भिंतीपलीकडून खणखणीत आवाज येई, “नंबर बोला! कुठला नंबर हवाय? अहो, लाइन धरा, लाइन धरा!” इकडे आकाशाला शांती मिळतेय, हवेला मिळतेय, आणि मागून कुणीतरी आकाशाला विचारतंय, कुठला नंबर? पहिल्या दिवशी लेक फसकन हसली. सूनबाईलाही हसू आलं. नाना हसले नाहीत. त्यांनी मंत्र पहिल्यापासून सुरू केला.

सूनबाईने करायचं ते सगळं करून पाहिलं. पूजेच्या वेळी आईला बाल्कनीत नेलं, तिथूनही आईने नंबर विचारला. रेडिओ लावून पाहिला. कानांत कापूस घातला, तो आईने खाल्ला. शेवटी तिने भीत भीत सुचवलं, “नाना, घंटा नाही वाजवली तर?” नानांनी तिच्याकडे असं पाहिलं, की जणू तिने देवच नको म्हटलं होतं. लेकीचीही झोप मोडत होती, परीक्षा तोंडावर होती, तीही एकदा करवादली, “आई, आजीचं काहीतरी कर ना!” नवरा काही बोलला नाही. न बोलणं हे त्याचं मत असे.

आणि एका सकाळी दिवा लावल्यावर नानांनी विचारलं, “कुणाचं काही?” आणि स्वतःच उत्तर दिलं, “माझं आहे.”

सगळे उभे होते. नाना देवाकडे तोंड करूनच बोलले. “गावाबाहेर एक संस्था आहे. अशा आजाराच्या वृद्धांसाठीच आहे. मी पाहून आलोय. स्वच्छ आहे, बाग आहे, नर्सेस आहेत. आज दुपारी त्यांची गाडी येईल. इथे त्यांनाही शांती नाही आणि आपल्यालाही नाही.”

सूनबाईला आधी वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. “आज?” ती म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली, “तुम्हाला माहीत होतं?”

नवरा दिव्याकडे बघत होता. “तुझ्या भावाशीही बोलणं झालंय,” तो म्हणाला. “त्याची काही हरकत नाही.”

“माझी आहे. मला कुणी विचा—”

घंटा वाजली.

मागच्या खोलीतून आवाज आला, “नंबर बोला!” नानांनी डोळे मिटले आणि मंत्र सुरू केला. सूनबाई तिथेच उभी राहिली. पाण्याला शांती, जमिनीला शांती, झाडाझुडपांना शांती. ती प्रत्येक शब्द ऐकत होती, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिच्या डोक्यात एक साधा हिशोब चालू झाला. एवढ्या सगळ्यांना शांती मागणाऱ्या माणसाला मागच्या खोलीतली एक म्हातारी का परवडत नाही? गवताच्या काडीला शांती आहे, माझ्या आईला गाडी आहे.

“शांतिः,” नाना म्हणाले.

“शांतिः,” नवरा पुटपुटला.

आणि मग काहीच झालं नाही. दिव्याची वात तडतडली. नानांनी एक डोळा उघडला.

“सूनबाई.”

“ऐकू आलं मला.”

“मग म्हणा.”

“नाही म्हणत.”

नाना पूर्ण वळून बसले. देवाकडे पाठ करून बसल्याचं त्यांच्या लक्षातही आलं नाही. “म्हणजे? पूजा अर्धी आहे.”

“असू दे अर्धी. आई इथेच राहणार असेल तर म्हणते.”

जन्मभर नानांनी हेच तर पाहिलं होतं. “हा संप आहे का?” त्यांनी विचारलं.

“तुम्हाला जास्त माहीत.”

“अगं, म्हणून टाक ना,” नवरा हळूच म्हणाला. “एक शब्द तर आहे.”

“मग तुम्हीच म्हणून टाका.”

“माझी दुसरी आहे,” तो म्हणाला. आणि हे तो अगदी गंभीरपणे म्हणाला.

नानांनी नातीला बोलावलं. “ये, तू म्हण आज. तूही घरचीच आहेस.” लेक पुढे आली, आईच्या तोंडाकडे पाहिलं आणि तिथेच थबकली. कालपर्यंत झोप मोडते म्हणून कुरकुरणारी ती पोर. तिने मान खाली घातली आणि म्हणाली, “मी कशी म्हणणार, आजोबा? मी परक्या घरचं धन ना? मागे तुम्हीच म्हणाला होता, चित्रकलेवर कशाला खर्च करायचा, दुसऱ्याच्या घरी जाणार ती.”

मग बसले दोघं. नाना आसनावर, सूनबाई समोर जमिनीवर भिंतीला टेकून. तिने लॅबमध्ये फोन करून कळवलं, आज येत नाही. नवरा हॉल आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या उंबऱ्यावर उभा राहिला, त्याला तेच जमायचं. नानांना मधुमेह होता, आणि रात्रीच्या गोळीने रिकाम्या पोटी साखर उतरायची. सकाळी न्याहारी, न्याहारीबरोबर गोळी, हा क्रम कधी चुकला नव्हता. गोळ्यांची डबी टेबलावर तशीच पडून होती.

वेळ जात राहिला. नानांच्या कपाळावर घाम आला. त्यांनी मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट गुंतवले. नवऱ्याने पाण्याचा पेला पुढे केला, त्यांनी मान हलवली.

“त्यांना काही झालं तर तुझ्या डोक्यावर राहील,” नवरा तिला म्हणाला. आवाजात पहिल्यांदाच धार होती.

“आणि आईला तिथे काही झालं तर कुणाच्या?” ती म्हणाली. “तुमच्या? तुमची तर दुसरी आहे.”

पण तीही काही दगड नव्हती. या माणसाने तिच्या बाळंतपणात दवाखान्याच्या बाकड्यावर बसून रात्र काढली होती, हे ती विसरली नव्हती. नानांच्या ओठांचा रंग उतरताना ती बघत होती. ती उठली, देवासमोरची दूधसाखरेची वाटी उचलून त्यांच्यापुढे ठेवली. “घ्या नाना. हट्ट माझ्याशी आहे, शरीराशी नको.”

“पूजा पुरी झाल्याशिवाय नाही,” नाना म्हणाले, आणि त्यात अवसान नव्हतं. तो माणूस खरंच घेणार नव्हता. हेच तर तिला ठाऊक होतं, याच भरवशावर ती बसली होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ, कुणाला चावणार? तिच्या मनात आलं, आता म्हणून टाकावं. मग मागच्या खोलीत आईने कुणाशी तरी बोलत खुर्ची सरकवली, आणि तिने जीभ आवरली.

ऊन हॉलच्या फरशीवर मध्यापर्यंत आलं, तेव्हा नाना बोलले. आवाज बारीक झाला होता, पण स्वर कचेरीतला होता. “मागणी सांग.” ते तिला नेहमी अहो-जाहो करत. त्या वेळी एकेरीवर आले.

“आई इथेच राहील. मागच्या खोलीत. दार उघडं राहील.”

“आणि घंटा?”

“वाजवा की. ती बोलेल, तुम्ही तुमचं म्हणत राहा. देवाला दोन्ही ऐकू येतं.”

सूनबाई नानांच्या तोंडाकडे बघत होती. त्या तोंडातला दातन् दात तिने हाताने उभा केला होता. बोलण्याआधी ते तोंड काय करतं, हे तिच्याइतकं कुणाला माहीत असणार? नाही म्हणायचं असतं तर जीभ वरच्या दातांमागे गेली असती, वरचा ओठ किंचित ताणला असता. तसं होत नव्हतं. जबडा सैल पडत होता, ओठ गोल व्हायला लागले होते. नाना हो म्हणणार होते. तिला ते त्यांच्याआधी कळलं, आणि इतक्या वर्षांत न आलेलं काहीतरी तिच्या छातीत वर आलं. ती जमिनीवरून उठून गुडघ्यांवर आली.

आणि मागच्या खोलीच्या दारात तिची आई येऊन उभी राहिली.

स्वेटरची बटणं चुकीच्या काजांत लागली होती. त्या दिवशी तिच्या तोंडात कवळीही घालायची राहिली होती. भिंतीला धरत ती आली होती. तिने हॉलभर पाहिलं. आसनावरचा तो म्हातारा, बाजूला उभी माणसं, दिवा, आणि सगळ्यांच्या मधे गुडघ्यांवर बसलेली सूनबाई. आईचे डोळे तिच्यावर येऊन थांबले. आणि त्या डोळ्यांत कितीतरी महिन्यांनी कुणीतरी परत आलं.

“ठमे,” आई म्हणाली.

लहानपणचं हे नाव आता जगात कुणी घेत नव्हतं. सूनबाई गुडघ्यांवर तशीच राहिली.

“अडलीस होय गं?” आई दोन पावलं पुढे आली. सगळी मोठी माणसं पोरीकडे टक लावून बसलीत आणि पोरीला पुढचं आठवत नाहीये, एवढं तिला पुरेपूर कळलं होतं, आणि पुढचं काय ते रोज सकाळी भिंतीपलीकडून कानावर पडून तिला पाठ होतं. ती किंचित वाकली, आवाज खाली आणला, जसा एखादी आई स्टेजवर अडलेल्या मुलीसाठी पडद्याआडून आणते. “शांतिः. म्हण की. शांतिः.” आणि मग सगळ्यांकडे बघून, बोळक्या तोंडाने हसत, लेकीच्या बाजूने म्हणाली, “पाठ आहे हो तिचं सगळं. नुसती घाबरते.”

सूनबाई उठली आणि तिने आईला मिठी मारली. त्या एका क्षणापुरतं तिला बाकी काही उरलं नव्हतं. आईने आपल्याला ओळखलं, एवढंच होतं. आईच्या खांद्यावर तोंड ठेवून ती ठमी झाली होती. आणि पाठीमागे तिला घोट घेतल्याचा आवाज आला.

नानांनी तीर्थ घेतलं होतं.

सुंठीवाचून खोकला गेला होता. गोल होत आलेले ओठ त्यांनी पुसले. “झाली,” ते म्हणाले. “पूजा पुरी झाली.”

“ती पुरी झालेली नाही,” सूनबाई वळून म्हणाली. “मी म्हटलेलं नाही. घरच्या बाईने म्हणायची ना ती? ती माझी आई आहे. तुमच्याकडे पाहुणी आहे.”

“पाहुणी कशी?” नाना म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात खरंखुरं आश्चर्य होतं. “इतके महिने याच छपराखाली आहेत. घरच्याच आहेत त्या.”

आणि नानांनी तो बोबडा, बिनदातांचा श चालवून घेतला. ज्या माणसाने एका शिट्टीसाठी कवळी पुन्हा पुन्हा घासून घेतली होती, त्याला आज उच्चारात काही खोट दिसली नाही. स्वतःच्या पोराच्या पोरीला घरची म्हणायला ज्याला आजवर जड गेलं, त्याने बाहेर घालवायच्या म्हातारीला एका वाक्यात घरची करून घेतलं. तेवढ्यापुरती, तेवढ्या एका शब्दापुरती.

“आजोबा, हे काही बरोबर नाही,” लेक म्हणाली.

“शांती झाली, बाळ.”

नवरा एव्हाना स्वयंपाकघरातून ताट घेऊन आला होता. गोळीची डबी उघडली होती. त्याच्या चेहऱ्यावर एवढी सुटका होती की सूनबाईला त्याची किळस आली. नानांचा संताप आला. आणि त्या दोघांमागून, चोरासारखा, आईचाही राग आला. एक क्षणभरच. पण आला. बाकीचे दोन ती कदाचित विसरेल, हा तिसरा तिला जन्मभर पुरणार होता.

ती अजून बोलू शकली असती. दारात आडवी पडू शकली असती. पण तिचा संप एका शब्दावर उभा होता, आणि तो शब्दच हातचा गेला होता. आणि आईचा हात तिच्या हातात होता, आई खुशीत होती. लेकीला वेळेवर सांगितलं, लेकीची लाज राखली, याचा आनंद तिच्या तोंडावर मावत नव्हता. तिला आता काय सांगायचं, की आई, तू केलंस ते चुकलं? जे बोललीस ते बोलायला नको होतंस? कित्येक महिन्यांनी तिला काहीतरी बरोबर आठवलं होतं.

नाना सावकाश जेवले. जेवून झाल्यावर मुलाला म्हणाले, “गाडीवाल्यांना कळव, उशीर झाला तरी चालेल म्हणावं. घाई नको, त्यांना नीट आवरू दे.” वाईट माणूस नव्हताच तो.

सूनबाईने आईची पिशवी भरली. कपडे, औषधं, कवळीची डबी, ब्रश. स्वेटरची बटणं काढून पुन्हा नीट लावली. आईला कवळी घातली, ओठांवरून बोट फिरवून बसली का ते पाहिलं. नवरा पिशवी उचलायला पुढे आला. तिने ती त्याच्या हाताला लागू दिली नाही. लेकीने आजीचे केस विंचरून दिले आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. नाना दारापर्यंत आले, त्यांनी हात जोडले. आईनेही हात जोडले, “तुमच्याकडे फार छान वाटलं हो,” म्हणाली.

गाडीत मागच्या सीटवर दोघी बसल्या. रस्ते गेले, दुकानं गेली, मग मोकळं माळरान लागलं. सूनबाई काचेतून बाहेर बघत होती, कारण आत कुठे बघावं ते तिला सुचत नव्हतं. तिला वाटत होतं, एव्हाना आई विसरली असेल, पुन्हा नर्सबाई सुरू होईल. तसं झालं असतं तर जरा तरी सोपं गेलं असतं. पण आईने तिचा हात सोडला नव्हता. ती मधूनमधून तो थोपटत होती, लहान मुलाचा थोपटावा तसा.

“ठमे,” आई म्हणाली, “एवढं तोंड पाडायचं नाही. चारचौघांत होतं असं. अडलं की मी आहे ना मागे.”

गाडी संस्थेच्या फाटकातून आत वळली.